निर्वात नलिका विवर्धक : स्वबांधणी व दोषशोधन यांचा इतिहास

निर्वात नलिका विवर्धक : क्षीण विद्युत् संकेताची तीव्रता निर्वात नलिकेच्या साहाय्याने वाढविणारे साधन. सामान्य व्यवहारात निर्वात नलिकेला ‘व्हॉल्व्ह’ असे म्हणतात. ध्वनीच्या क्षेत्रात या साधनाचा उपयोग रेडिओ, ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे यंत्र, ध्वनिक्षेपक व हेडफोन यांसाठी करण्यात आला. ट्रँझिस्टरचा प्रसार झाल्यावर नलिका बहुतेक उपकरणांतून नाहीशा झाल्या. परंतु हौशी लोकांनी घरी बांधलेल्या विवर्धकांत, विशेषतः हेडफोनसाठीच्या लहान विवर्धकांत, त्यांचा वापर एकविसाव्या शतकातही चालू राहिला आहे.

अशा विवर्धकाच्या बाबतीत एक अनुभव वारंवार येतो. नीट चाललेल्या विवर्धकात अधिक चांगला समजला जाणारा एखादा भाग बसविला की, पूर्वी नसलेला दोष उत्पन्न होतो : गुणगुण ऐकू येते, नलिका अवाजवी तापते, एका कानातील आवाज बंद पडतो किंवा मंडल स्वतःच आंदोलने निर्माण करू लागते. नवा भाग सदोष असल्यामुळे असे घडते हा समज पुष्कळदा चुकीचा असतो. विवर्धकातील प्रत्येक भागाचे मूल्य इतर भागांच्या मूल्यांशी बांधलेले असते. त्यामुळे एका भागातील बदल हा वस्तुतः संपूर्ण मंडलातील बदल असतो. ही गोष्ट अभियंत्यांच्या ध्यानात येण्यास सु. चाळीस वर्षे लागली आणि दोषशोधनाचे शास्त्र तिच्यातूनच घडत गेले.

प्रारंभ : तापलेल्या तंतूपासून निर्वातातून विद्युत् प्रवाह वाहू शकतो, हे टॉमस आल्वा एडिसन यांच्या दिव्यांवरील प्रयोगांत १८८० नंतरच्या काही वर्षांत दिसून आले होते. या परिणामाचा उपयोग करून जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका तयार केली. ती प्रवाह एकाच दिशेने जाऊ देत असे. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ऋणाग्र व धनाग्र यांच्यामध्ये तारेचे जालक घातले आणि ट्रायोड ही तीन अग्रांची नलिका अस्तित्वात आली. जालकावरील विद्युत् दाबात झालेल्या अल्पशा बदलाने धनाग्राच्या प्रवाहात मोठा बदल घडून येतो, हे विवर्धनाचे मूलतत्त्व होय.

प्रारंभीच्या नलिकांत निर्वात पुरेसा नसे व त्यांचे कार्य बेभरवशाचे असे. अमेरिकेतील टेलिफोन उद्योगाने १९१२ नंतर ही नलिका हाती घेतली. हॅरल्ड आर्नल्ड यांनी उच्च निर्वाताच्या साहाय्याने तिच्यात सुधारणा केली, तर अर्व्हिंग लँगम्यूर यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच दिशेने संशोधन केले. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क व सॅन फ्रॅन्सिस्को यांना जोडणारी टेलिफोन सेवा औपचारिक रीत्या सुरू झाली. इतक्या अंतरावर आवाज पोहोचणे नलिका विवर्धकांमुळेच शक्य झाले.

विवर्धकाचा सर्वांत हट्टी दोषही याच काळात प्रकट झाला. विवर्धकाच्या प्रदानाचा काही अंश आदानाकडे परत आणण्याच्या क्रियेला प्रतिसंभरण किंवा फीडबॅक असे म्हणतात. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१२ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असतानाच, असे दाखवून दिले की, परत आणलेला अंश मूळ संकेताला पूरक असेल, तर विवर्धन अनेक पटींनी वाढते. मात्र मर्यादा ओलांडताच विवर्धक आदानाशिवायच आंदोलने निर्माण करू लागतो. प्रेषकासाठी हा गुण ठरला, तर विवर्धकासाठी दोष. एकाच मंडलात दोन्ही गोष्टी दडलेल्या असतात आणि तारांची मांडणी किंवा एखाद्या भागाचे मूल्य बदलले की एकीचे रूपांतर दुसरीत होऊ शकते.

हेडफोन व नलिका यांचा संबंधही आरंभापासूनचा आहे. नथॅनिएल बाल्डविन यांनी अमेरिकेत यूटा येथे १९१० च्या सुमारास संवेदनशील हेडफोन तयार केले व ते अमेरिकेच्या नौदलाने विकत घेतले. ध्वनिक्षेपक प्रचारात येण्यापूर्वी रेडिओ ऐकण्याचे मुख्य साधन हेडफोन हेच होते. त्या काळचे हेडफोन सामान्यतः २,००० ओहमच्या आसपास रोध असलेले असत व ते सरळ नलिकेच्या धनाग्र मंडलात जोडले जात. म्हणजेच नलिकेचा एकदिश प्रवाह श्रोत्याच्या कानावरील वेटोळ्यातूनच वाहत असे.

ऋण प्रतिसंभरण व स्थैर्य : टेलिफोन मार्गावर एकापुढे एक अनेक विवर्धक येऊ लागल्यावर प्रत्येकाचे विरूपण साचत जाई. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील हॅरल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडताना बोटीवर यावर उपाय सुचला व त्यांनी तो हातातील न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर लिहून काढला. प्रदानाचा अंश उलट कलेत, म्हणजे मूळ संकेताला विरोध होईल अशा रीतीने, परत आणला, तर विवर्धन कमी होते. परंतु विरूपण त्याच प्रमाणात घटते आणि नलिका जुनी झाली तरी विवर्धन जवळजवळ स्थिर राहते. कष्टाने मिळविलेले विवर्धन मुद्दाम टाकून देण्याची ही कल्पना त्या वेळी विपरीत वाटली. ब्लॅक यांनी १९२८ मध्ये एकस्वासाठी केलेला अर्ज १९३७ मध्ये मंजूर झाला.

प्रतिसंभरणाचा हा लाभ निर्वेध नव्हता. विवर्धकातील धारित्रे, रोहित्रे व तारांमधील अनाहूत धारकता यांमुळे संकेताची कला कंप्रतेनुसार सरकत जाते. मधल्या कंप्रतांना जे प्रतिसंभरण विरोधी असते, तेच अतिउच्च किंवा अतिनीच कंप्रतांना पूरक बनू शकते. त्या कंप्रतेला विवर्धन पुरेसे असल्यास आंदोलने सुरू होतात. विवर्धक स्थिर केव्हा राहील, याचा गणिती निकष हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडला. हेन्ड्रिक बोड यांनी पुढील काळात कंप्रतेनुसार होणारी विवर्धनातील घट व कलेतील बदल यांचा संबंध स्पष्ट केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला : स्थैर्य हा कोणत्याही एका भागाचा गुणधर्म नसून तो संपूर्ण वलयाचा गुणधर्म आहे. पुढे घरी विवर्धक बांधणाऱ्या अनेकांना याच निष्कर्षाचा प्रत्यय आला.

दोषशोधनाच्या पद्धती : १९२० नंतरच्या दशकात रेडिओ घरोघरी पोहोचू लागला, तशी दुरुस्ती करणाऱ्यांची गरज वाढली. त्या वेळची पद्धत नलिका व भाग एकामागून एक बदलून पाहण्याची होती. ब्रिटनमधील डाक खात्याचे अभियंता डॉनल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये ‘ॲव्हो’ हा मापक तयार झाला. अँपिअर, व्होल्ट व ओहम या तीन एककांच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव पडले. एकाच पेटीत तिन्ही राशी मोजण्याची सोय झाल्यामुळे अंदाजाची जागा मोजमापाने घेतली.

अमेरिकेत जॉन रायडर यांनी १९३० नंतरच्या दशकात निरनिराळ्या उत्पादकांच्या रेडिओंची मंडल-आलेखने एकत्र करून दुरुस्तीच्या संदर्भग्रंथांची मालाच प्रसिद्ध केली. १९३९ मध्ये त्यांनी संकेताचा माग काढण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. या पद्धतीत आदानाला ज्ञात संकेत देऊन तो टप्प्याटप्प्याने तपासत जातात. ज्या टप्प्यापर्यंत संकेत शुद्ध असतो व ज्याच्यापुढे तो बिघडतो, त्या दोहोंमध्ये दोष असतो. मंडलाच्या मध्यावर प्रथम तपासणी केल्यास अर्धे मंडल एकाच मोजमापाने निर्दोष ठरते व काम बरेच कमी होते.

विद्युत् दाबांचे तक्ते ही या काळाची दुसरी देणगी होय. प्रत्येक नलिकेच्या धनाग्रावर, जालकावर व ऋणाग्रावर किती दाब असावा, हे आलेखनात नोंदविले जाऊ लागले. असे तक्ते वाचताना मापकाचा विचार करावा लागतो. जुन्या मापकांचा रोध पुष्कळदा व्होल्टला १,००० ओहम एवढा असे. ३०० व्होल्टच्या पल्ल्यावर तो मापक स्वतःच ३ लक्ष ओहमचा भार बनतो. सु. ४० हजार ओहम अंतर्गत रोध असलेल्या बिंदूवर तो प्रत्यक्षापेक्षा एक दशांशाहून थोडा अधिक कमी दाब दाखवितो. एक कोटी ओहम रोधाचा आधुनिक अंकीय मापक तेथे जवळजवळ खरा दाब दाखवितो. जुना तक्ता व नवा मापक यांतील अशी तफावत दोष समजून कित्येकदा निर्दोष भाग काढून टाकले जातात.

विल्यमसन विवर्धक व स्वबांधणीचा प्रसार : दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या साठ्यातील विद्युत् भाग स्वस्तात विक्रीस आले आणि इलेक्ट्रॉनिकीचे शिक्षण मिळालेले असंख्य तरुण सैन्यातून परतले. अमेरिकेतील हीथ कंपनीने १९४७ मध्ये स्वतः जोडावयाच्या भागांचा संच म्हणून दोलनदर्शक बाजारात आणला व पुढे विवर्धकांचेही संच काढले. त्याच वर्षी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकाच्या एप्रिल व मे महिन्यांच्या अंकांत डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपल्या विवर्धकाचे आराखडे प्रसिद्ध केले. केटी६६ जातीच्या दोन नलिका, काळजीपूर्वक गुंडाळलेले प्रदान रोहित्र व त्या रोहित्रासह संपूर्ण विवर्धकाभोवती सु. २० डेसिबल ऋण प्रतिसंभरण अशी त्याची रचना होती. १५ वॉट प्रदानाला विरूपण ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवणारा हा विवर्धक पुढील काही वर्षे मानदंड ठरला व जगभरच्या हौशी लोकांनी तो बांधला.

अनेकांचे विवर्धक मात्र अपेक्षेप्रमाणे चालले नाहीत. विल्यमसन यांनी रोहित्रासाठी कठोर अटी घातल्या होत्या. परंतु ते रोहित्र महाग व दुर्मिळ असल्याने लोकांनी हाती आलेले दुसरे वापरले. रोहित्राचे गुणधर्म बदलताच कलेतील सरकणेही बदलले व कित्येक विवर्धक श्रवणातीत कंप्रतेला आंदोलने करू लागले. अशी आंदोलने कानाला ऐकू येत नाहीत. परंतु नलिका तापतात, ध्वनी खरखरीत होतो आणि दोष कोठे आहे ते कळत नाही. नीच कंप्रतांच्या बाजूसही अशीच अडचण होती. टप्प्यांना जोडणारी युग्मक धारित्रे मोठी केली, तर मंद्र स्वर सुधारतील अशा समजुतीने बदल करणाऱ्यांच्या विवर्धकात मोटारबोटीच्या इंजिनासारखा फटफट आवाज येऊ लागे, कारण अनेक टप्प्यांच्या कालस्थिरांकांमधील मुद्दाम ठेवलेले अंतर या बदलाने नाहीसे होई. विल्यमसन यांनी १९४९ मध्ये विवर्धकाची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली.

१९५१ मध्ये डेव्हिड हॅफलर व हर्बर्ट केरोझ यांनी ‘अल्ट्रालिनियर’ या नावाने ओळखली जाणारी जोडणी प्रचारात आणली. तिच्यात प्रदान नलिकांची दुसरी जालके रोहित्राच्या मधल्या फाट्यांना जोडतात. ॲलन ब्लमलाइन यांनी तत्सम जोडणीचे एकस्व १९३० नंतरच्या दशकातच घेतले होते. जुन्या विल्यमसन विवर्धकाचे या जोडणीत रूपांतर करणे ही १९५० नंतरच्या दशकातील लोकप्रिय सुधारणा होती. मात्र त्यासाठी रोहित्रच बदलावे लागे आणि रोहित्राबरोबर स्थैर्याचा हिशेब नव्याने मांडावा लागे. ब्रिटनमधील मुलार्ड कंपनीने १९५४ मध्ये पाच नलिकांचा व दहा वॉटचा ‘फाइव्ह-टेन’ हा विवर्धक आराखड्यासह जाहीर केला. अमेरिकेतील डायनाको कंपनीचा १९५९ मधील ‘स्टीरिओ ७०’ मुख्यत्वे संचाच्या रूपातच विकला गेला. या संचांच्या यशाचे रहस्य त्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत होते : प्रत्येक तारेची लांबी, प्रत्येक सांध्याचे स्थान व अखेरीस तपासावयाचे दाब त्यांत दिलेले असत.

भारतातील स्थिती : मुंबई येथील इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. स्वातंत्र्योत्तर काळात बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स लि. (स्थापना १९५४) या शासकीय कंपनीने १९६० नंतरच्या दशकात रेडिओसाठी लागणाऱ्या नलिकांचे उत्पादन केले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड व पुण्यातील तपकीर गल्ली येथील दुकाने सुटे भाग मिळविण्याची परिचित ठिकाणे होती.

परदेशी मासिकांतील आराखड्यांवरून विवर्धक बांधणाऱ्या भारतीयांपुढे एक वेगळी अडचण असे. अमेरिकेतील पुरवठा ६० हर्ट्‌झ कंप्रतेचा, तर भारतातील ५० हर्ट्‌झचा. केवळ ६० हर्ट्‌झसाठी आखलेले शक्ती रोहित्र त्याच दाबाला ५० हर्ट्‌झवर चालविले, तर त्याच्या गाभ्यातील चुंबकीय स्रोत सु. २० टक्क्यांनी वाढतो, गाभा संपृक्त होऊ लागतो आणि रोहित्र तापते. त्याच्या विखुरलेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या तारांत गुणगुणही शिरते.

हेडफोन विवर्धक : १९३७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने डीटी ४८ हे गतिमान वेटोळ्याचे हेडफोन काढले. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत स्टीरिओ हेडफोन सादर केले व त्यानंतर संगीतश्रवणासाठी हेडफोन वापरण्याची पद्धत रूढ झाली. झेनहायझर कंपनीचे १९६८ मधील एचडी ४१४ हे खुल्या पाठीचे हेडफोन फार लोकप्रिय झाले. १९४७ च्या डिसेंबरात ट्रँझिस्टरचा शोध लागला होता व १९६० नंतरच्या दशकात त्याने ध्वनियंत्रांतील नलिकांची जागा घेण्यास सुरुवात केली. पुढे १९८० ते २००० या काळात नलिकांविषयीचे आकर्षण पुन्हा वाढले. हेडफोनला फारच थोडी शक्ती लागते. त्यामुळे अवजड प्रदान रोहित्राशिवाय चालणारा लहान विवर्धक घरी बांधणे सोयीचे ठरले.

अशा विवर्धकाचा एक प्रचलित नमुना दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात ईसीसी८२ किंवा १२एयू७ या नावाने ओळखली जाणारी जोड-ट्रायोड नलिका दाबाचे विवर्धन करते. दुसऱ्या टप्प्यात ६एएस७जी किंवा ६०८० ही नलिका ऋणाग्र अनुगामी म्हणून काम करते. ही दुसरी नलिका मुळात दाब स्थिर राखणाऱ्या शक्तीपुरवठ्यांसाठी आखलेली होती. तिचा अंतर्गत रोध सु. २८० ओहम व विवर्धनांक फक्त २ असल्यामुळे अनुगामी जोडणीत तिचा प्रदान रोध सु. ९० ओहम येतो. ३०० ओहमच्या हेडफोनला तो मानवतो. परंतु ३२ ओहमच्या हेडफोनवर संकेताचा जेमतेम चौथा भाग पोहोचतो. नलिकेचा एकदिश दाब हेडफोनपर्यंत जाऊ नये, म्हणून मध्ये सु. १०० मायक्रोफॅराडचे धारित्र घालतात. ब्लमलाइन यांचे सहकारी ई. एल. सी. व्हाइट यांच्या नावाने ओळखली जाणारी अनुगामीची जोडणी वापरली, तर प्रदान रोध पुष्कळच कमी करता येतो.

सुधारणेनंतरचे दोष : या नमुन्यावरून सुधारणा व दोष यांचा संबंध स्पष्ट करता येतो. समजा, प्रदान रोध ९० ओहमवरून १० ओहमवर आणला व हेडफोन ३२ ओहमचे आहेत. पूर्वी १०० मायक्रोफॅराडचे धारित्र सु. १३ हर्ट्‌झपर्यंतचे स्वर जाऊ देत होते. आता ही मर्यादा सु. ३८ हर्ट्‌झवर येते. कारण धारित्राच्या दृष्टीने उद्गमाचा व हेडफोनचा रोध यांची बेरीज महत्त्वाची असते व ती १२२ ओहमवरून ४२ ओहमवर उतरलेली असते. म्हणजे सुधारणेनंतर मंद्र स्वर क्षीण होतात आणि दोष नव्या जोडणीत शोधला जातो, जरी उपाय जुने धारित्र मोठे करण्यात असतो.

दुसरी प्रचलित सुधारणा पहिल्या टप्प्याच्या धनाग्रावरील रोधकाऐवजी ट्रँझिस्टरांचा स्थिर प्रवाह उद्गम बसविण्याची आहे. तीमुळे या टप्प्याचे विवर्धन सु. १३ वरून नलिकेच्या विवर्धनांकाजवळ, म्हणजे सु. १७ पर्यंत, वाढते व विरूपण घटते. परंतु पुष्कळ आराखड्यांत पहिल्या नलिकेचे धनाग्र दुसरीच्या जालकाला सरळ जोडलेले असते. त्यामुळे एखादा ट्रँझिस्टर उलटा बसला, दाब ठरविणारा प्रकाश उत्सर्जक डायोड उलट जोडला गेला किंवा उष्णता घालविणारी पट्टी सांगाड्याला टेकली, तर पहिल्या धनाग्राचा दाब ढळतो आणि दुसऱ्या नलिकेचा प्रवाह एकतर थांबतो, नाहीतर धोकादायक रीत्या वाढतो. तप्त झालेली दुसरी नलिका हे येथे केवळ लक्षण असते. कारण तिच्याआधीच्या टप्प्यात असते. म्हणूनच एकदिश दाबांची तपासणी शक्तीपुरवठ्यापासून सुरू करून पुढे सरकत करावी लागते.

नलिका बदलण्याची सुधारणा सर्वांत सोपी दिसते व तीच सर्वांत फसवी असते. ईसीसी८८ ही नलिका ईसीसी८२ च्या नऊ खुंट्यांच्या बैठकीत बसते. परंतु ईसीसी८२ च्या तापकाचा मध्यबिंदू नवव्या खुंटीवर असतो, तर ईसीसी८८ मध्ये त्या खुंटीवर आवरण असते व ६.३ व्होल्टचा तापक चौथ्या व पाचव्या खुंट्यांमध्ये असतो. बैठकीला १२.६ व्होल्ट दिलेले असल्यास नवी नलिका जळते, ६.३ व्होल्टची समांतर जोडणी असल्यास ती तापतच नाही. शिवाय तिच्या धनाग्राची दाबमर्यादा १३० व्होल्ट आहे, तर ईसीसी८२ ची ३०० व्होल्ट. तापक योग्य रीत्या जोडले, तरी तिची अधिक संवाहकता लांब तारांच्या अनाहूत प्रवर्तनाशी संयोग पावून अतिउच्च कंप्रतेची आंदोलने उत्पन्न करू शकते. जालकाच्या खुंटीलगतच काहीशे ओहमचा रोधक डाखणे हा यावरील जुना व खात्रीचा उपाय होय.

शक्तीपुरवठ्यातील छानक धारित्र मोठे केल्यास गुणगुण कमी होते. परंतु एकदिशकारक नलिकेला ठराविक धारकतेपेक्षा अधिक भार सोसत नाही. जीझेड३४ साठी ही मर्यादा ६० मायक्रोफॅराड आहे. त्याहून मोठे धारित्र लावल्यास प्रत्येक अर्धचक्रातील प्रवाहाचा झोत वाढतो व नलिकेत ठिणग्या उडू लागतात. एकदिशकारक नलिकेच्या जागी सिलिकॉन डायोड घातले, तर दाब वाढतो व पुढील सर्व भागांवर ताण येतो.

गुणगुणीचे निदान तिच्या कंप्रतेवरून सुरू करता येते. पूर्णतरंग एकदिशीकरणानंतरच्या अपुऱ्या छाननीमुळे येणारी गुणगुण भारतात १०० हर्ट्‌झची असते. ५० हर्ट्‌झची गुणगुण बहुधा तापकाच्या तारा, रोहित्राचे क्षेत्र किंवा भूसंपर्कांचे वलय यांतून येते. सुधारणा करताना भूसंपर्काची एखादी तार सोयीच्या दुसऱ्याच बिंदूला डाखली गेलेली असण्याचा संभव अशा वेळी प्रथम तपासतात. आवाजनियंत्रक पूर्ण खाली केल्यावर गुणगुण नाहीशी झाली, तर उगम त्याच्या आधी, अन्यथा नंतर असतो.

स्टीरिओ विवर्धकात एक वाहिनी निर्दोष असेल, तर तिचे दाब हाच उत्तम तक्ता असतो. दोन्ही वाहिन्यांच्या नलिकांची अदलाबदल करून दोष नलिकेबरोबर जातो किंवा कसे, हे पाहण्याची रीत जुनी आहे. परंतु एकाच जोड-ट्रायोडचा एकेक अर्धा भाग दोन्ही वाहिन्यांना दिलेला असल्यास ही परीक्षा शक्य नसते. तेथे चांगल्या स्थितीतील दुसरी नलिका लावूनच निर्णय घ्यावा लागतो. एका वेळी एकच बदल करणे, बदलापूर्वीचे दाब लिहून ठेवणे आणि निर्णय होत नसल्यास बदल मागे घेऊन मूळ स्थिती पुन्हा मिळते का हे पाहणे, हे नियम वरील सर्व प्रकारांना लागू पडतात.

सुरक्षितता : नलिका विवर्धकात १५० ते ४०० व्होल्ट एवढे एकदिश दाब असतात व ते प्राणघातक ठरू शकतात. पुरवठा बंद केल्यानंतरही धारित्रांत विद्युत् भार शिल्लक राहतो. २२० मायक्रोफॅराडच्या धारित्राला २२० किलोओहमचा निचरा रोधक जोडलेला असल्यास दाब मूळच्या शंभराव्या भागाखाली येण्यास सु. ४ मिनिटे लागतात. तो रोधक तुटलेला असल्यास भार कितीतरी अधिक काळ टिकतो. म्हणून हात लावण्यापूर्वी दाब मापकाने पाहणे आवश्यक असते. चालू मंडलावर मोजमाप करताना एकच हात वापरण्याची व दुसरा दूर ठेवण्याची पद्धत दुरुस्तिकारांत रूढ झाली, कारण दोन्ही हातांमधून जाणारा प्रवाह हृदयावरून जातो. धातूच्या सांगाड्याला भूसंपर्क असलाच पाहिजे. दुरुस्तीनंतर प्रथम चालू करताना पुरवठ्याशी एकसरीत तंतूचा दिवा जोडतात. मंडलात लघुपथन असल्यास दिवा प्रखर पेटून प्रवाहाला आळा बसतो.

हेडफोनच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. चालू करतेवेळी प्रदान धारित्र भारित होताना मोठा धक्का हेडफोनपर्यंत पोहोचतो आणि ते धारित्र निकामी झाल्यास नलिकेचा दाब कानावरील वेटोळ्यावर येतो. सुधारणा केलेला विवर्धक प्रथम हेडफोनऐवजी रोधकाचा भार जोडून चालवितात, प्रदानावरील एकदिश दाब शून्याजवळ असल्याची खात्री करतात व मगच एखादा स्वस्त हेडफोन जोडतात.

आधुनिक स्थिती : निर्वात नलिकांचे उत्पादन एकविसाव्या शतकात रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील मोजक्या कारखान्यांत होत आले आहे. त्यामुळे हौशी बांधणी करणाऱ्यांना साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या शिल्लक नलिकाही वापराव्या लागतात. त्यांचे गुणधर्म झिजेमुळे मूळ तक्त्यांपासून ढळलेले असतात. अंकीय मापक व संगणकावर कंप्रता-पृथक्करण करण्याच्या सोयी यांमुळे मोजमाप पूर्वीपेक्षा स्वस्त व अचूक झाले आहे. श्रवणातीत आंदोलने आता साध्या दोलनदर्शकावरही घरबसल्या पाहता येतात. मात्र नलिका हाताळलेल्या दुरुस्तिकारांची पिढी मागे पडत आहे. त्यांच्याकडे तोंडी असलेले ज्ञान, उदा. कोणत्या सांध्यावर प्रथम संशय घ्यावा किंवा धनाग्राची पट्टी लालसर दिसू लागताच पुरवठा का तोडावा, हे आराखड्यांत क्वचितच लिहिलेले आढळते. घरी विवर्धक बांधणाऱ्याने आपल्या यंत्राचे आलेखन, प्रत्येक बिंदूचा दाब व प्रत्येक बदलाची तारीख नोंदवून ठेवल्यास पुढे ते यंत्र उघडणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला, मोजमापावरून, यंत्राच्या मूळ स्थितीपर्यंत परत जाता येते.